दुधात औषध उतरलंय का, हे कसं कळतं?

पहाटे साडेपाचला गावातल्या दूध संकलन केंद्रावर रांग लागते. किटली काट्यावर जाते, वजन होतं, पळीभर दूध मशिनच्या नळीखाली धरलं जातं आणि मिनिटभरात पडद्यावर आकडे येतात: फॅट इतकं, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) इतकं. पावती निघते. किटलीतलं दूध गाळणीतून मोठ्या टाकीत ओतलं जातं. एकदा तिथे पडलं की कुणाच्या गाईचं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

त्या पावतीवर एक गोष्ट कधीच येत नाही. गाईला चार दिवसांपूर्वी दगडी झाली होती का, सडात ट्यूब सोडली होती का, आणि त्या औषधाचा अंश या किटलीत आहे का. फॅट मोजायला मशिन आहे, पाणी पकडायला लॅक्टोमीटर आहे. औषधासाठी त्या टेबलावर बहुतेक ठिकाणी काहीच नसतं.

मी पहिल्यांदा ही गोष्ट पाहिली ती आमच्याच स्वयंपाकघरात. घरी एक जर्सी होती. तिला दगडी झाली, म्हणजे कास सुजून घट्ट झाली, एका सडातून दुधाऐवजी गाठी यायला लागल्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सडात ट्यूब सोडल्या. कास मऊ झाली, दूध पांढरं दिसायला लागलं, तसं आईने ते घरात घेतलं. रात्री नेहमीसारखं विरजण लावलं. सकाळी झाकण काढलं तर पातेल्यात दूध जसंच्या तसं. तिला वाटलं विरजणच शिळं असेल, म्हणून शेजारच्या काकूंकडून वाटीभर दही आणून परत लावलं. तेही लागलं नाही. आजी म्हणाली, "औषध उतरलंय दुधात. चार दिवस थांबा."

आजीचं निदान बरोबर होतं, आणि नकळत तिने जगातल्या सगळ्यात जुन्या प्रतिजैविक-चाचणीचं तत्त्व सांगितलं होतं. दही लावणारे जिवाणूच असतात. प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, हे जिवाणू मारण्यासाठीच बनवलेलं असतं. ते कासेतला रोगजंतू आणि विरजणातला उपकारक जंतू असा भेद करत नाही. (विरजण थंडीमुळे किंवा दूध फार गरम असतानाही बिघडतं, त्यामुळे दही लागलं नाही की लगेच गवळ्याशी भांडायला जाऊ नका.) 1940 च्या दशकात गाईंच्या कासदाहावर, म्हणजे याच दगडीवर, पेनिसिलिन वापरात आलं आणि त्यानंतर पाश्चात्य देशांतल्या चीज बनवणाऱ्यांना हाच अनुभव येऊ लागला: चांगलं दिसणारं दूध, पण विरजण चढेना. दुधातली औषधं शोधण्याची धडपड सुरू झाली ती अशी, लोकांच्या आरोग्याआधी चीजच्या नुकसानीपायी.

आपल्याकडे पेनिसिलिन बनवण्याचा पहिला मोठा सरकारी कारखाना पुण्याजवळ पिंपरीत उभा राहिला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1954 साली. या औषधांनी माणसं वाचवली आणि जनावरंही वाचवली. कासदाह झालेल्या गाईला औषध द्यायलाच हवं. दुखणारी कास तशीच सोडणं हा क्रूरपणा आहे. प्रश्न औषध देण्याचा नाही, दिल्यानंतरच्या काही दिवसांच्या दुधाचा आहे.

औषध शरीरात गेलं की ते बाहेर पडायला वेळ लागतो. सडात सोडलेली ट्यूब पुढच्या धारांमधून थोडी थोडी बाहेर येते. इंजेक्शन रक्तातून कासेत येतं. ज्या मुदतीपर्यंत दूध विकायचं नाही, तिला प्रतीक्षाकाळ म्हणतात. तो प्रत्येक औषधाचा वेगळा असतो आणि औषधाच्या लेबलवर लिहिलेला असायला हवा. 2012 साली देशाच्या औषधविषयक नियमांत तशी तरतूद झाली: एखाद्या औषधासाठी ठरावीक काळ माहीत नसेल, तर दूध आणि अंड्यांसाठी किमान 7 दिवस, मांसासाठी किमान 28 दिवस. माशांसाठी मात्र 500 अंश-दिवस. हे शेवटचं एकक मला फार आवडतं. मासा थंड रक्ताचा, त्याच्या अंगातून औषध किती लवकर जाईल हे पाण्याच्या तापमानावर ठरतं, म्हणून तापमान गुणिले दिवस. तळ्याचं पाणी 25 अंश असेल तर 20 दिवस.

आता किती औषध म्हणजे जास्त? पेनिसिलिनसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात आणि युरोपीय संघाच्या नियमांत दुधाची मर्यादा आहे किलोमागे 4 मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून असा हिशोब करू. समजा 200 मिलिग्रॅम पेनिसिलिन सगळंच्या सगळं दुधात उतरलं. ते मर्यादेच्या आत आणायला किती दूध लागेल? 50,000 लिटर. प्रत्यक्षात सगळं औषध एकाच धारेत येत नाही, काही शरीरात राहतं, काही मोडतं. पण एका गाईच्या दोन धारा अख्ख्या गावाची टाकी कशी बिघडवू शकतात, याचा अंदाज येतो.

"आम्ही दूध उकळून पितो" हे उत्तर इथे उपयोगाचं नाही. उकळल्याने जंतू मरतात. औषधाचे रेणू जंतू नव्हेत. काही औषधं उष्णतेने थोडी कमी होतात, पण भरवसा ठेवावा इतकी नाही.

मग याने माणसाला होतं काय? पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना अगदी थोडा अंशही त्रास देऊ शकतो. बाकीच्यांना पेलाभर दुधाने दुसऱ्या दिवशी काही होत नाही, आणि म्हणूनच हा विषय मागे पडतो. खरं भय औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचं. जंतूंना औषधाची थोडी थोडी चव मिळत राहिली की जे तगतात त्यांचीच संख्या वाढते. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की असे जंतू पोसण्यात पेलाभर दुधातल्या अंशापेक्षा गोठ्यात आणि पोल्ट्रीत होणाऱ्या बेसुमार वापराचा वाटा मोठा आहे. पण दुधातला अंश हा त्या वापराचा माग आहे. तो मोजला, तर वापर कुठे बेफाम चालला आहे हे कळतं. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटच्या फळीतलं औषध आपण कोंबड्यांच्या खाद्यात घालत होतो. 2019 साली, ज्यांचं दूध, अंडी किंवा मांस आपण खातो त्या जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

घाबरून जायचं कारण नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली देशभर दुधाची पाहणी केली. 1,103 गावं-शहरांतून 6,432 नमुने घेतले. त्यातल्या 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. म्हणजे शंभरात सव्वाच्या आसपास. पण शंभरातलं ते सव्वा पकडायचं कसं, आणि कुठे?

पहिली पद्धत आजीचीच, फक्त नीटनेटकी केलेली. विरजणाऐवजी एक खास जिवाणू निवडला: जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. नाव अवघड, पण गडी कामाचा. तो 64 अंश तापमानात झपाट्याने वाढतो. एवढ्या उष्णतेत दुधातले बाकीचे बहुतेक जंतू गप्प बसतात, त्यामुळे त्यांची लुडबुड होत नाही. शिवाय तो पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांपुढे फार नाजूक आहे. छोट्या कुपीत जेली असते, तिच्यात या जिवाणूचे बीजाणू (त्याची सुप्त, चिवट रूपं) आणि एक जांभळा रंग मिसळलेला असतो. वरून दुधाचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि कुपी गरम ठोकळ्यात ठेवायची. दूध स्वच्छ असेल तर जिवाणू वाढतो, आम्ल तयार करतो आणि जेली जांभळ्याची पिवळी होते. औषध असेल तर जिवाणू वाढतच नाही, जेली जांभळी ती जांभळीच. नेदरलँड्समध्ये 1970 च्या दशकात या तत्त्वावर तयार कुप्या निघाल्या आणि जगभर गेल्या. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनेही बीजाणूंवर चालणाऱ्या चाचण्या विकसित केल्या आहेत.

या पद्धतीचं बळ असं की औषधाचं नाव माहीत नसलं तरी चालतं. जे जिवाणूला मारतं ते पकडलं जातं. उणीव वेळेची. निकाल यायला अडीच-तीन तास लागतात. तोवर टँकर फाट्यावरून पुढे निघून गेलेला असतो. आणि कधीकधी चीक किंवा सुजलेल्या कासेतल्या दुधात गाईच्या शरीरानेच तयार केलेले जंतुनाशक पदार्थ असतात, त्यामुळे औषध नसताना जेली जांभळी राहते. शेतकऱ्यावर उगाच आळ येतो.

म्हणून दुसरी पद्धत आली, पट्टीची. दिसायला ती कोविडच्या घरगुती चाचणीसारखी. पण आत चालतं ते उलटं, आणि इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

पेनिसिलिन जिवाणूला मारतं कसं, ते आधी पाहू. जिवाणू आपल्या पेशीची भिंत बांधत असतो. त्या कामावर एक प्रथिन असतं, गवंडीच म्हणा. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं आहे. ते त्या गवंड्याला भिंतीच्या विटेसारखं वाटतं. तो ते उचलतो आणि त्याच्या हाताला ते कायमचं चिकटतं. काम थांबतं, भिंत कच्ची राहते, जिवाणू फुटतो. पट्टी बनवणाऱ्यांनी हेच गवंडी-प्रथिन वेगळं काढलं आणि पहाऱ्याला बसवलं. जिवाणूचा जो कमकुवत दुवा, तोच आपला सेन्सर.

पट्टीसोबतच्या कुपीच्या तळाशी चिमूटभर लालसर कोरडी पूड असते. ती लाली सोन्याची आहे. सोनं पिवळं, हा आपला अनुभव दागिन्याएवढ्या तुकड्याचा. त्याचे वीस-चाळीस नॅनोमीटरचे कण केले की त्यांच्यावर प्रकाश वेगळा खेळतो आणि ते लाल दिसतात. या लाल कणांना गवंडी-प्रथिनं चिकटवलेली असतात. कुपीत दूध घातलं की पूड विरघळते. दुधात औषध असेल तर ते लगेच या प्रथिनांवर जाऊन बसतं. काही मिनिटांनी पट्टी बुडवायची. दूध कागदावरून वर चढतं आणि वाटेत एका रेघेवर पोचतं, जिथे औषधासारखाच रेणू आधीच पक्का केलेला असतो.

आता एसटी स्टँड डोळ्यांपुढे आणा. गाडी लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून ज्याने जागा धरली, त्याची जागा. औषधाने कुपीतच प्रथिनावर रुमाल टाकला असेल, तर रेघेवरच्या रेणूला जागाच उरत नाही. लाल कण तिथे न थांबता पुढे जातात, रेघ फिकी राहते. औषध नसेल तर जागा मोकळी, लाल कण रेघेवर अडकतात, रेघ गडद उमटते. म्हणजे रेघ आली तर दूध चांगलं, रेघ गेली तर दुधात औषध. वर दुसरी एक रेघ असते ती नेहमीच उमटते; तिच्याशी पहिलीचा रंग ताडून पाहायचा. पाच-दहा मिनिटांत निकाल हातात.

डेअरीच्या दारात टँकर तपासायला आज या पट्ट्याच वापरतात. अमेरिकेत कच्च्या दुधाचा प्रत्येक टँकर रिकामा करण्याआधी पेनिसिलिनच्या घराण्यासाठी तपासावा लागतो. औषध सापडलं तर अख्खा टँकर बाद होतो, मग प्रत्येक गोठ्याचे राखून ठेवलेले नमुने तपासून मूळ शोधतात. शंकास्पद नमुन्याचा शेवटचा निवाडा प्रयोगशाळेतलं यंत्र देतं, ज्यात दुधातले पदार्थ वेगळे करून एकेका रेणूचं वजन केलं जातं. त्याच्या निकालावर कोर्टातही उभं राहता येतं, पण त्याची किंमत कोटींच्या घरात, आणि ते चालवायला शिकलेली माणसं लागतात.

मग मनात प्रश्न येतोच. घराघरात शुगर तपासायचं यंत्र आहे. बोटाला टोचलं, थेंब लावला, पाच सेकंदांत आकडा. तसं दुधातल्या औषधाचं का नाही?

मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. उत्तर पुन्हा हिशोबात आहे. रक्तात साखर असते लिटरला साधारण एक ग्रॅम. पेनिसिलिनची मर्यादा लिटरला चार मायक्रोग्रॅम. म्हणजे अडीच लाख पटीने कमी. वर, शुगरच्या पट्टीवरचं एन्झाइम साखरेचा रेणू मोडतं आणि त्यातून वीज मिळते. एकच एन्झाइम रेणूंमागून रेणू मोडत राहतं. औषधाचा रेणू मात्र नुसता येऊन बसतो. काही जळत नाही, मोडत नाही. एवढ्याशा बसण्याचा आवाज ऐकायचा, तोही दुधाच्या गलक्यात.

जगभरच्या प्रयोगशाळा हा आवाज मोठा करण्याच्या मागे आहेत. एक वाट डीएनएच्या तुकड्यांची. 1990 साली अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी एक युक्ती दाखवली: आरएनए-डीएनएसारख्या धाग्यांचे अब्जावधी वेगवेगळे तुकडे घ्यायचे, ते हव्या त्या रेणूबरोबर ठेवायचे, जे चिकटतील ते ठेवून बाकीचे धुऊन टाकायचे, उरलेल्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा तेच. सुपात धान्य पाखडावं तसं. दहा-पंधरा फेऱ्यांनंतर त्या एका रेणूला मिठी मारणारे धागे हाती लागतात. त्यांना ॲप्टॅमर म्हणतात. असा धागा सोन्याच्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या टोकावर, एका बाजूने रोवायचा, दुसऱ्या टोकाला मिथिलीन ब्लू हा निळा रंग बांधायचा. औषध आलं की धागा त्याच्याभोवती दुमडतो, रंगाचं टोक इलेक्ट्रोडजवळ येतं आणि विजेचा प्रवाह बदलतो. रेणूचं बसणं असं विजेत उतरतं.

दुसरी वाट साच्याची. मोदकाच्या साच्यात उकड दाबली की साच्याची प्रत्येक कळी तिच्यावर उतरते. इथे उलटं करतात. औषधाच्या रेणूंभोवती प्लास्टिकसारखा पदार्थ घट्ट होऊ देतात आणि मग औषध धुऊन काढतात. मागे राहते त्या रेणूच्या आकाराची पोकळी, ज्यात तोच रेणू नीट बसतो. प्रथिनांसारखा नेमकेपणा यात अजून नाही, पण एक गुण मोठा आहे: हा साचा उन्हाने खराब होत नाही. प्रथिनांच्या पट्ट्या थंड जागी सांभाळाव्या लागतात. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर आणि वीज गेलेली, अशा केंद्रावर कुठली पट्टी तग धरेल, हा प्रश्न शोधनिबंधात क्वचितच येतो.

अशा शोधांच्या बातम्या वाचताना मी दोन गोष्टी बघायला शिकलो आहे. पहिली, सेन्सर खऱ्या कच्च्या दुधात चालवला की पाण्यासारख्या स्वच्छ द्रावणात? दुधातलं लोणी आणि केसिन हे प्रथिन इलेक्ट्रोडवर जणू साय धरतात आणि खालचा धागा आंधळा होतो. दूध दहापट पातळ करून चालवलं असेल, तर औषधही तितकंच पातळ झालं. दुसरी, "मर्यादेच्या हजारपट कमी अंशही ओळखतो" हे कौतुक खरोखर कामाचं आहे का? कायद्याने चालणारं दूध नाकारणारा सेन्सर शेतकऱ्याचा घात करेल. युरोपात पेनिसिलिनला 4 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, क्लॉक्सासिलिनला 30 ची, ऑक्सिटेट्रासायक्लिनला 100 ची. चांगला सेन्सर तो, जो प्रत्येकासाठी त्याच्या रेषेजवळ बोलतो आणि तिच्या बऱ्याच खाली गप्प राहतो.

हे सगळं पुन्हा त्या पहाटेच्या काट्याजवळ आणायचं आहे. परदेशातल्या एका गोठ्यात शेकडो गाई असतात. तिथे टँकर तपासला की दोन-चार गोठ्यांचा उलगडा होतो. आपल्याकडे दोन गाईंचा एक गोठा, आणि एका टँकरमागे शेकडो किटल्या. टँकरमध्ये औषध सापडेपर्यंत दोषी किटली कधीच विरघळलेली असते, आणि कित्येकदा मिसळून इतकी पातळ झालेली असते की सापडतही नाही. म्हणून तपासणी किटलीपाशी हवी, टाकीत ओतण्याआधी, आणि तिचा खर्च फॅटच्या तपासणीइतकाच नगण्य हवा. तीन लिटर दूध घेऊन आलेल्या माणसामागे रोज एक आयात पट्टी खर्च करणं कुठल्याच संस्थेला परवडणार नाही. आज करता येण्याजोगं एवढंच, की दहा-वीस किटल्यांचा एकत्र नमुना तपासायचा आणि तो वाईट निघाला तरच एकेक उघडायची. पण इतक्या किटल्या एकत्र केल्या की औषधही पातळ होतं, हे धरूनच चालावं लागतं.

आणि समजा पट्टीने सांगितलं की औषध आहे. मग त्या शेतकऱ्याचं काय? सात दिवसांचं दूध ओतून द्यायचं म्हणजे त्याच्या घरचा आठवड्याचा बाजार गेला. शिक्षाच वाट्याला येणार असेल तर तो गाय आजारी पडल्याचं सांगणार नाही, दूध दुसऱ्या केंद्रावर घालेल. औषध चालू असल्याचं स्वतःहून सांगणाऱ्याला त्या दिवसांचा थोडा तरी भाव संस्थेने दिला, तर ते टँकरभर दूध बाद करण्यापेक्षा स्वस्त पडेल असं माझं ठाम मत आहे. बाजूला काढलेलं ते दूध वासराला पाजतात, तेही टाळायला हवं. वासराच्या पोटातले जंतू त्याच थोड्या थोड्या औषधावर निर्ढावतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कासदाहावर कोरफड, हळद आणि चुन्याच्या लेपाचा प्रसार करतं. सुरुवातीच्या सुजेत डॉक्टरांना विचारून तो लावला आणि ट्यूबची वेळच आली नाही, तर पट्टीचीही येणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका मावशींच्या गोठ्यात गेलो होतो. दोन गाई. एकीच्या मागच्या पायाला लाल सुतळी बांधलेली. विचारलं तर म्हणाल्या, "ट्यूब सोडलीय तिला. सून धार काढते कधी, मुलगा काढतो कधी, ध्यानात कसं राहणार? सुतळी दिसली की ते दूध येगळ्या बादलीत." दाराजवळच्या कॅलेंडरवर पुढच्या गुरुवारच्या चौकटीत पेनने गोल केला होता. त्या दिवशी सुतळी सोडायची होती.